लेखनाची सोबत

प्रस्तावना

तुमच्यापैकी अनेकांच्या घरी एखादी वही असेल. ती पेटीच्या तळाशी असेल, उशाखाली असेल किंवा दुकानाच्या गल्ल्यात जुन्या पावत्यांबरोबर ठेवलेली असेल. पुढच्या पानांवर दूधवाल्याचा, वाण्याचा हिशेब आणि मागच्या पानांवर कधीतरी रात्री लिहिलेल्या चार ओळी. ती वही कोणाच्या दृष्टीस पडू नये म्हणून तुम्ही जपत असाल आणि कोणीतरी ती उघडून वाचावी, असेही तुम्हाला मनातून वाटत असेल. या दोन्ही इच्छा खऱ्या आहेत. लिहिणारी बहुतेक माणसे प्रारंभी या दोहोंच्या मध्ये उभी असतात.

‘मी शिवणकाम करते’, ‘मी रिक्षा चालवतो’ असे सांगताना आपली जीभ अडखळत नाही. ‘मी कविता लिहिते’ असे म्हणताना मात्र ती अडखळते. शिवणकामाचा पुरावा कोणी मागत नाही. कवितेचा लगेच मागतात. कुठे छापून आली? शिक्षण किती? घरात कोणी लेखक होते का? या प्रश्नांच्या धास्तीने कित्येक वह्या मिटलेल्याच राहतात.

या पाठात आपण मराठीतील काही लेखकांनी ही सोबत कशी मिळवली, ती कोणाला नाकारली गेली आणि नाकारली गेली तेव्हा त्यांनी काय केले, हे पाहणार आहोत. त्यानंतर आपल्या लेखनाचा परिचय कसा करून द्यावा, याचा अभ्यास करू.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही –
• मराठीतील निवडक लेखक-मंडळांचे कार्य थोडक्यात सांगू शकाल;
• लेखकाला श्रोत्याची गरज का असते, हे स्पष्ट करू शकाल;
• लेखक म्हणून स्वतःचा नेमका परिचय लिहू शकाल;
• दुसऱ्याच्या लेखनावर उपयुक्त अभिप्राय देऊ शकाल.

मूळ पाठ

रविवारचा चहा

पुण्यात १९२० च्या सुमारास काही तरुण कवी रविवारी चहाच्या निमित्ताने एकत्र जमू लागले. चहा हे निमित्तच. खरे काम होते एकमेकांना कविता वाचून दाखवण्याचे. या बैठकीतून १९२३ मध्ये ‘रविकिरण मंडळ’ स्थापन झाले. माधव जूलियन या नावाने लिहिणारे माधव त्र्यंबक पटवर्धन, ‘यशवंत’ म्हणजे यशवंत दिनकर पेंढरकर, ‘गिरीश’ म्हणजे शंकर केशव कानेटकर, श्रीधर बाळकृष्ण रानडे आणि त्यांच्या पत्नी मनोरमाबाई रानडे, वि. द. घाटे, नाट्यछटाकार ‘दिवाकर’ ही त्या मंडळातील काही नावे. कोणी फार्सीचा प्राध्यापक, कोणी शाळामास्तर. लेखनावर उदरनिर्वाह करणारा त्यांच्यात कोणी नव्हता.

त्याच वर्षी या मंडळींनी ‘किरण’ हा आपला एकत्रित संग्रह काढला. एकट्याने पुस्तक काढण्याइतके बळ ज्याच्यापाशी नसते, त्याला चौघांबरोबर एका मुखपृष्ठाखाली उभे राहता येते. ही गोष्ट आज साधी वाटेल. परंतु आपले पहिले पुस्तक हाती धरणाऱ्या माणसाला ती साधी नसते.

मंडळाने आणखी एक काम केले. कविता ही एकांतात वाचण्याची वस्तू आहे, असा समज असताना त्यांनी ती लोकांसमोर म्हणून दाखवली. त्यांचे काव्यगायनाचे कार्यक्रम गावोगावी होऊ लागले आणि जे कधी कवितेचे पुस्तक विकत घेणार नाहीत, अशा माणसांच्या कानांवर कविता पडू लागली. पुढे माधव जूलियन १९३६ मध्ये जळगावच्या आणि यशवंत १९५० मध्ये मुंबईच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. रविवारच्या चहाचा प्रवास असा झाला.

परंतु या कथेला दुसरी बाजूही आहे. एकमेकांचे ऐकता ऐकता माणसे एकमेकांसारखे लिहू लागतात. तेच शब्द, तीच हळवी वळणे, तेच उसासे. मंडळाच्या कवितेत हे शिरलेले आचार्य अत्रे यांनी अचूक हेरले आणि ‘केशवकुमार’ या नावाने विडंबने लिहिली. त्यांचा ‘झेंडूची फुले’ हा संग्रह १९२५ मध्ये, म्हणजे मंडळ स्थापन झाल्यावर दोनच वर्षांनी आला. विडंबन झोंबले असणार, यात शंका नाही. तरीही मला वाटते की, प्रत्येक लेखक-मंडळाला दाराबाहेर उभा असलेला एक अत्रे हवा. आतल्यांनी ज्यावर नुसती मान डोलावली, त्यावर तो हसतो.

सभेचे दार

आता आपण चाळीस वर्षे मागे जाऊ. सभा कोणाची, तिच्यात कोणी यायचे आणि आल्यावर आपले म्हणणे मांडायला जागा मिळेल का, हा प्रश्न रविवारच्या चहापूर्वीच विचारला गेला होता.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने १८७८ च्या मे महिन्यात पुण्यात मराठी ग्रंथकारांची पहिली सभा भरली. आजचे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आपला आरंभ तिथूनच मोजते. दुसरी सभा १८८५ मध्ये झाली. तिचे निमंत्रण महात्मा जोतीराव फुले यांनाही होते. रानड्यांनी त्यांना बोलावले, ही गोष्ट त्यांच्या मोठेपणाची आहे. जोतीरावांनी मात्र येण्यास नकार दिला. त्यांचे उत्तर त्याच वर्षी जून महिन्यात ‘ज्ञानोदय’ या पत्रात प्रसिद्ध झाले. त्याचा आशय असा : ज्या सभांतून आणि ग्रंथांतून माणसाला माणूस म्हणून असलेले हक्क उघडपणे मान्य केले जात नाहीत, त्या सभांशी आणि ग्रंथांशी आमचे लेखन जुळत नाही, आमचा मार्ग आम्हालाच शोधावा लागेल.

हे उत्तर रागाचे आहे खरे. पण ते नुसत्या रागाचे नाही. सोबत म्हणजे काय, याविषयी जोतीरावांची एक कल्पना होती. शूद्र-अतिशूद्रांच्या दुःखाविषयी जिथे लिहिलेच जात नाही, तिथे एका खुर्चीवर त्यांच्यापैकी एक जण बसला, म्हणजे ती सोबत होत नाही.

अशी सोबत फुले दांपत्याच्या शाळांनी त्याआधी तीस वर्षे देऊन दाखवली होती. मांग समाजातील मुक्ता साळवे ही चौदा वर्षांची मुलगी त्यांच्या शाळेत शिकत होती. मांग आणि महार यांच्या दुःखाविषयी तिने लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्येच छापला गेला. अक्षरे शिकून जेमतेम तीन वर्षे झालेली ही मुलगी आपली ओळख करून देताना चाचरत नाही. आम्ही कोण आहोत, आमच्यावर काय गुदरले आणि धर्माच्या नावाने आम्हाला काय नाकारले गेले, हे ती सरळ विचारते. तिचे लेखन ऐकून घेणारे शिक्षक तिला आधी भेटले होते. ते भेटले नसते, तर तो निबंध लिहिला गेला असता का, याचा तुम्हीच विचार करा.

पाठगत प्रश्न

१. रविकिरण मंडळाची स्थापना कोणत्या वर्षी झाली?
२. ‘झेंडूची फुले’ या संग्रहात कोणत्या प्रकारचे लेखन आहे?
३. जोतीरावांनी ग्रंथकार सभेचे निमंत्रण का नाकारले? एका वाक्यात सांगा.

ज्यांनी स्वतःची बैठक मांडली

जोतीरावांनी उल्लेखलेला तो मार्ग विसाव्या शतकात अनेकांनी घडवला. १९५८ मध्ये मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले आणि त्यात अण्णा भाऊ साठे बोलले. शाळेची पायरी नावापुरतीच चढलेला हा लेखक. त्यांची ‘फकिरा’ ही कादंबरी पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झाली. बाबूराव बागूल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह १९६३ मध्ये आला.

परंतु संमेलन वर्षातून एकदा भरते आणि मांडव उतरला की माणसे आपापल्या गावी जातात. उरलेल्या दिवसांचे काय? औरंगाबाद येथे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे मिलिंद महाविद्यालय आहे. खेड्यापाड्यांतून आलेली, घरात पहिल्यांदाच महाविद्यालयाचे तोंड पाहणारी मुले तिथे शिकत. १९६७ मध्ये या परिसरात ‘अस्मिता’ हे नियतकालिक सुरू झाले. तेच पुढे ‘अस्मितादर्श’ या नावाने निघू लागले आणि डॉ. गंगाधर पानतावणे यांनी सुमारे पाच दशके त्याचे संपादन केले.

एक त्रैमासिक पाच दशके चालवणे म्हणजे काय, याची कल्पना करून पाहा. वर्गणीदारांचे पत्ते लिहायचे, कागदाचे पैसे उभे करायचे, मुद्रिते तपासायची. आणि हे करताना कुठल्याशा तालुक्यातून आलेले, दोन्ही बाजूंनी भरलेल्या कागदावरचे, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांनी गजबजलेले हस्तलिखित शेवटपर्यंत वाचायचे. चुका दिसतात म्हणून ते बाजूला न ठेवता त्यात माणूस बोलतो आहे का, हे शोधायचे. ‘अस्मितादर्श’चे मेळावे लेखक-वाचकांचे असत. या जोडशब्दाकडे लक्ष द्या. यंदा खाली बसून ऐकणारा पुढच्या वर्षी उठून वाचू शकेल, अशी सोय त्यात आहे.

नारायण सुर्वे यांची सोबत निराळ्या प्रकारची. मुंबईतील गिरणी कामगार गंगाराम सुर्वे यांनी रस्त्यावर सापडलेल्या एका तान्ह्या मुलाला घरी आणले आणि आपले नाव दिले. तो मुलगा गिरणीत राबला, महानगरपालिकेच्या शाळेत शिपाई झाला, परीक्षा देऊन पुढे शिक्षक झाला. त्याच्या कवितेचे पहिले श्रोते होते कामगार चळवळीतील सहकारी. त्यांचा ‘ऐसा गा मी ब्रह्म’ हा संग्रह १९६२ मध्ये आणि ‘माझे विद्यापीठ’ हा १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला. दुसऱ्या संग्रहाचे नाव पुन्हा एकदा वाचा. ‘शिक्षण किती?’ या प्रश्नाला दिलेले इतके ताठ मानेचे उत्तर मराठीत क्वचितच सापडेल. १९९५ मध्ये परभणीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद सुर्वे यांनी भूषवले. जोतीरावांच्या त्या पत्राला तेव्हा एकशे दहा वर्षे झाली होती. स्त्रियांची प्रतीक्षाही थोडी नव्हती. १८७८ पासून मोजले, तर ८३ वर्षांनी, १९६१ मध्ये ग्वाल्हेरला, कुसुमावती देशपांडे यांच्या रूपाने पहिली स्त्री त्या अध्यक्षपदी बसली.

लिहून घेणारा हात

बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. जळगावजवळच्या असोदे गावी जन्मलेल्या या शेतकरी स्त्रीने जात्यावर, शेतात, चुलीपुढे ओव्या आणि गाणी रचली. त्यांचे पुत्र सोपानदेव स्वतः कवी होते. आईच्या तोंडून येणारे शब्द घरातच कागदावर उतरवले गेले, म्हणून ते टिकले. बहिणाबाई १९५१ च्या डिसेंबरमध्ये वारल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती गाणी आचार्य अत्रे यांना दाखवली आणि १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक अत्र्यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाले. रविकिरण मंडळाची टिंगल करणारे तेच हे अत्रे! खोट्या सुराला हसणाऱ्या कानाला खरा सूरही लगेच ओळखता आला, याचे नवल वाटायला नको.

बहिणाबाईंच्या वाट्याला मंडळ आले नाही, सभा आली नाही. आपले पुस्तक त्यांनी पाहिलेही नाही. घरातला एक माणूस मात्र लक्ष देऊन ऐकत होता. तुमच्या घरातही एखादी आजी, सासू, काकी असे काही सांगत असेल, तर तिच्यासाठी लिहून घेणारा हात तुम्ही होऊ शकता. लेखनाचा आरंभ असाही होतो.

दूर राहणाऱ्यांची सोबत

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या विद्यार्थ्यांना वाटेल, की या साऱ्या गोष्टी पुण्या-मुंबईच्या आहेत. तसे नाही. कथाकार जी. ए. कुलकर्णी यांनी आपले आयुष्य बहुतांशी कर्नाटकातील धारवाड येथे काढले. तिथल्या महाविद्यालयात ते इंग्रजी शिकवत. सभा-समारंभांना जाणे त्यांना मुळीच रुचत नसे. ‘निळासावळा’ हा त्यांचा पहिला कथासंग्रह १९५९ मध्ये आला. असा एकांतप्रिय माणूस सोबतीवाचून राहिला असेल, असे तुम्हाला वाटेल. परंतु त्यांची सोबत टपालाने येत असे. ‘सत्यकथा’ मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन, लेखिका सुनीता देशपांडे अशा कितीतरी जणांशी त्यांचा पत्रव्यवहार होता. ती पत्रे पुढे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली आणि त्यांच्या कथांइतक्याच आवडीने वाचली जातात.

‘सत्यकथा’ १९८२ मध्ये बंद पडले. तिच्या संपादकांविषयी मतभेद पुष्कळ झाले. लहान नियतकालिकांच्या चळवळीतील तरुणांना तर ते दार बंद दारच वाटत असे. परंतु तिथून परत आलेल्या कथेबरोबर कधी कधी सविस्तर पत्र येई. पात्र कुठे खोटे बोलते, कोणता परिच्छेद जास्तीचा आहे, हे त्यात लिहिलेले असे. एरवी नवोदितांच्या परिचयाचे दोन शब्द म्हणजे ‘साभार परत’. या दोन शब्दांपुढे कोणीतरी तिसरे वाक्य लिहावे, एवढीच बहुतेकांची अपेक्षा असते.

इंदूरची महाराष्ट्र साहित्य सभा, बडोद्याची मराठी वाङ्मय परिषद, हैदराबादची मराठी साहित्य परिषद या महाराष्ट्राबाहेरील जुन्या संस्था. साहित्य संमेलनही १९०९ मध्ये बडोद्याला, १९५४ मध्ये दिल्लीला, २०१५ मध्ये पंजाबातील घुमान येथे आणि २०२५ मध्ये पुन्हा दिल्लीला भरले. तुमच्या गावी यांपैकी काही नसेल, तर तीन माणसे पुरेशी आहेत. एक वाचणारा, दोघे ऐकणारे.

आपला परिचय

समजा, अशा बैठकीत तुम्ही प्रथमच गेला आहात. तुम्हाला आपली ओळख करून द्यायची आहे. खाली परिचयाचे दोन नमुने दिले आहेत. दोन्ही कल्पित आहेत.

पहिला नमुना : “मी एक सर्वसामान्य गृहिणी असून मला बालपणापासूनच साहित्याची नितांत आवड आहे. साहित्यसेवा हेच माझ्या जीवनाचे ध्येय आहे. माझे शिक्षण अल्प असल्यामुळे माझ्या लेखनात अनेक त्रुटी असतील, तरी आपल्यासारख्या विद्वानांनी त्या पोटात घालाव्यात, ही नम्र विनंती.”

दुसरा नमुना : “मी सुरतेत राहते. साड्यांवर खडे चिकटवण्याचे काम घरी करते. आमच्या घरात अहिराणी बोलतात. शाळेत सातवीपर्यंत मराठी होती. सासूबाई दुष्काळातल्या गोष्टी सांगतात, त्या दोन वर्षांपासून लिहून ठेवते आहे. आतापर्यंत अकरा झाल्या. माणसे बोलतात ती वाक्ये अहिराणीत ठेवावीत की मराठीत करावीत, हे मला ठरवता येत नाही. आज एक गोष्ट वाचते. पाच मिनिटे लागतील.”

पहिल्या परिचयात व्याकरणाची एकही चूक नाही. तरीही तो ऐकून त्या बाईविषयी आपल्याला काय कळले? काहीच नाही. तो परिचय कोणाचाही असू शकतो. शिवाय, तिने ऐकणाऱ्यांना विद्वान ठरवले आणि स्वतःला त्यांच्या पायांशी बसवले. अशा वेळी ऐकणारेही सावध होतात आणि खरे बोलायचे सोडून नुसते ‘छान, छान’ म्हणतात.

दुसऱ्या परिचयात ती कुठे राहते, काय करते, कोणत्या भाषेत जगते, किती लिहिले आहे आणि कुठे अडली आहे, हे सारे सात-आठ वाक्यांत आले. शिक्षण तिने लपवले नाही, त्याबद्दल क्षमाही मागितली नाही. विशेष म्हणजे तिने एक खरा प्रश्न विचारला. प्रश्न विचारल्याबरोबर ऐकणारे कामाला लागतात. कोणी म्हणेल, संवाद बोलीतच हवेत. कोणी म्हणेल, मग नाशिकपलीकडच्या वाचकाला ते कळणार कसे? बहिणाबाईंची गाणी त्यांच्या बोलीतच छापली गेली आणि महाराष्ट्रभर म्हटली गेली, याची कोणी आठवण करून देईल. वाद रंगेल आणि गोष्ट वाचण्याआधीच ती बाई त्या बैठकीतली होऊन जाईल.

परिचयाविषयी आणखी एकच सूचना. आपले खरे नाव सांगणे शक्य नसेल, तर टोपणनाव घेण्यात कमीपणा नाही. मालतीबाई बेडेकर यांनी १९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह ‘विभावरी शिरूरकर’ या नावाने प्रसिद्ध केला. अविवाहित, नोकरी करणाऱ्या स्त्रियांच्या मनातील गोष्टी त्यात उघड लिहिल्या होत्या. पुस्तकावर वादळ उठले आणि ही लेखिका कोण, याचा शोध सुरू झाला. नाव झाकल्यामुळेच तिला मन उघडता आले होते.

ऐकणे आणि बोलणे

मंडळात वाचण्यापेक्षा ऐकणे अवघड असते. बैठकीची एक रीत पुष्कळांना उपयोगी पडते. लेखन दोनदा वाचावे. पहिल्यांदा नुसते ऐकावे, दुसऱ्यांदा मनात टिपणे करावीत. लेखकाने वाचून झाल्यावर गप्प बसावे. ‘मला असे म्हणायचे होते’ हे वाक्य त्याने निदान पहिली दहा मिनिटे उच्चारू नये. कारण पुस्तक वाचणाऱ्याच्या शेजारी लेखक उभा नसतो.

ऐकणाऱ्याने निकाल देऊ नये. ‘चांगले आहे’ हा निकाल आणि ‘वाईट आहे’ हाही निकालच. त्याऐवजी आपल्याला काय दिसले आणि कुठे दिसेनासे झाले, ते सांगावे. उदाहरणार्थ, एका नवलेखकाने असे लिहिले आहे, असे समजू : “आईच्या जाण्याने माझे जीवन अंधकारमय झाले.” भावना खरी आहे, यात संशय नाही. परंतु ऐकणाऱ्याला काही दिसत नाही. त्याने इतकेच विचारावे : “आई गेल्यावर घरात काय बदलले?” लेखक जरा थांबेल, आठवेल आणि कदाचित म्हणेल : “तिच्या डब्यातली हळद संपेपर्यंत मी नवी आणली नाही.” हे वाक्य कागदावर यायला हवे होते. ते त्याच्यापाशीच होते. विचारणारा कोणी नव्हता.

अभिप्राय कठोर असला, तर काय करावे? त्याच रात्री काही खोडू नये. वही दोन-तीन दिवस मिटून ठेवावी आणि मग पाहावे. काही शेरे तोवर विसरलेले असतात. जो एखादा अजून टोचत असतो, तो बहुधा खरा असतो. मात्र एक भेद ओळखायला शिकले पाहिजे. ‘हे वाक्य मला कळले नाही’ हा लेखनावरचा अभिप्राय आहे. ‘तुमच्यासारख्यांनी असले लिहू नये’ हा नाही. दुसऱ्या प्रकारचे वाक्य जिथे पुन्हा पुन्हा ऐकू येते, तिथून उठून यावे. उठून येण्याची परंपराही मराठीत जुनी आहे, हे तुम्ही १८८५ च्या पत्रात वाचलेच आहे.

शब्दार्थ

नाट्यछटा – एकाच पात्राच्या बोलण्यातून प्रसंग उभा करणारा छोटा गद्यप्रकार
विडंबन – मूळ रचनेची नक्कल करून केलेली थट्टा
मुद्रित – छपाईपूर्वी तपासण्यासाठी काढलेली प्रत
त्रैमासिक – तीन महिन्यांनी निघणारे नियतकालिक
नवोदित – नव्याने लिहू लागलेला
साभार परत – आभार मानून लेखन नाकारल्याचा संपादकाचा शेरा

स्वाध्याय

१. रविकिरण मंडळ आणि ‘अस्मितादर्श’ यांनी नव्या लेखकांना दिलेल्या सोबतीत कोणता फरक तुम्हाला जाणवतो? आठ ते दहा ओळींत लिहा.
२. ‘प्रत्येक लेखक-मंडळाला दाराबाहेर उभा असलेला एक अत्रे हवा’, या विधानाशी तुम्ही सहमत आहात का? कारणे द्या.
३. पाठातील परिचयाच्या पहिल्या नमुन्यात वापरलेले, पण कोणतीही माहिती न देणारे चार शब्द शोधा.
४. पुढील वाक्य ऐकून तुम्ही लेखकाला कोणता एक प्रश्न विचाराल? “गाव सोडताना मला अतोनात दुःख झाले.”
५. तुमच्या घरातील किंवा शेजारच्या वयस्कर व्यक्तीने सांगितलेली एक आठवण तिच्याच बोलीत लिहून घ्या. लिहून झाल्यावर ती त्या व्यक्तीला वाचून दाखवा आणि तिने सुचवलेले बदल वेगळ्या शाईने नोंदवा.
६. तुम्ही एका लेखक-मंडळाच्या बैठकीला प्रथमच जात आहात. शंभर शब्दांत स्वतःचा परिचय लिहा. त्यात तुम्हाला पडलेला लेखनविषयक एक खरा प्रश्न असावा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. १९२३.
२. विडंबन कविता.
३. ज्या सभांत माणसाचे हक्क उघडपणे मान्य केले जात नाहीत, त्यांच्याशी आपले लेखन जुळत नाही, असे जोतीरावांचे मत होते.